कोरडा जोड

२४ नोव्हेंबर

बारके,

पोचले. गाडी दोन तास उशिरा, म्हणून घरी न जाता थेट केंद्रावर गेले आणि दुपारच्या बातम्या प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांतच वाचल्या. रेडिओचं हे एक बरं असतं, कपडे ऐकू जात नाहीत.

फोनवर माझा आवाज बातम्या दिल्यासारखा येतो आणि मनातलं काही कळत नाही, ही तुझी जुनी तक्रार. म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं मायक्रोफोनसमोर बसल्यावर माणसाचं असंच होतं.

ठकीचा वास अजून माझ्या शालीला आहे. कागदावरचं नाव तुम्ही काय वाटेल ते ठेवा, माझ्यासाठी ती ठकीच. आठ आठवड्यांची पोर, त्यात पाच आठवडे आधी आलेली, पण बघते कशी, जणू आपल्याकडून उत्तर हवंय. तुझी आई गेली तेव्हा मी सकाळच्या बातम्या वाचत होते. तुझ्या लग्नात पोचले ती पाहुणे पांगल्यावर. ठकी झाली तेव्हा निवडणुकीची ड्यूटी. या वेळी मनाशी ठरवलंच होतं, आकाश कोसळलं तरी जायचं. चार दिवस मिळाले, आणि तिला खाली ठेवलं असेन तर फक्त तू ओरडलीस म्हणून.

तुझ्या सासूबाई मोठ्या मनाच्या आहेत. पण तो खोकला काय गं त्यांचा. कापसाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढल्यावर छातीत काय उरणार म्हणा. मी बातम्या वाचत असते तर त्यांना दोन गल्ल्या पलीकडे बसवलं असतं. निघताना दारापर्यंत आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, तब्येतीला जपा." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.

ठकीच्या नाकाला माझं नाक.

मावशी

७ डिसेंबर

मावशी,

माझ्या नवऱ्याने फोनवर तुला सांगितलंच आहे, पण त्याने 'दवाखान्यात होती, आता बरी आहे' एवढंच सांगितलं असणार. तो डेपोत बसगाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे चालू लागलं की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकीचं नाक वाहायला लागलं. मी म्हटलं थंडी आहे. मग खोकला. चौथ्या दिवशी सकाळी तिने दूध ओढायचं सोडलं. दोन घोट घ्यायची आणि तोंड काढून धापा टाकायची. अंगावरचं झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला अडुसष्ट. मी पुन्हा मोजले, कारण पहिल्यांदा माझंच चुकलं असं वाटलं. एकाहत्तर. तशीच उचलली आणि निघाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझ्याच पिशवीतल्या कागदावर चित्र काढून समजावलं. श्वासाची मोठी नळी, तिला फाटे, त्यांना फाटे, आणि अगदी शेवटी केसासारख्या बारीक नळ्या. विषाणू तिथे शिरतो. आतलं अस्तर सुजतं, चिकट स्राव साचतो, हवा आत जाते पण बाहेर यायला भांडते. मोठ्या माणसाला याच विषाणूने नुसती सर्दी होते, कारण त्याच्या नळीला सुजूनही वाट उरते. एवढ्याशा बाळाला ती उरत नाही. मला समजायला वेळ लागला नाही. आठ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढतेय. आठ इंचाच्या नळात चमचाभर गाळ गेला तर कुणाला पत्ता लागत नाही, अर्ध्या इंचाच्या नळात गेला तर अख्खी गल्ली कोरडी पडते.

विचारलं, औषध कुठलं देताय. म्हणाल्या, यावर औषध नाही. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. प्राणवायू द्यायचा, नाक साफ ठेवायचं, पोटात दूध जाईल एवढं बघायचं, आणि तिच्या शरीराला वेळ द्यायचा. पाचव्या दिवसापर्यंत वाढेल, मग उतरेल. नाकात नळी घालून तिला माझंच दूध पाजत होते आणि मी समोर बसून पायाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा वाचत होते. एक्याण्णव. एकोणनव्वद. ब्याण्णव. सात दिवस दुसरं काही वाचलं नाही.

आता घरी आहे. खोकला दोन-तीन आठवडे राहील म्हणाल्या. सक्त ताकीद दिली आहे: हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, सर्दी असेल त्याने या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मुके नाहीत, घरात धूर नाही, अंगावरचं दूध तोडायचं नाही.

आणि एक. त्यांनी विचारलं, घरात कुणाला सर्दी-खोकला आहे का. सासूबाई दाराशीच उभ्या होत्या आणि तेवढ्यात त्यांना ढास लागली.

बारकी

१४ डिसेंबर

बारके,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. एवढंसं ते पोर आणि नाकात नळी. मी तिथे असते तर, असं लिहिणार होते, मग खोडलं.

माझ्यासाठी एवढं कर. श्वास अजून मोजत असशील तर आकडे मला लिहीत जा.

सर्दी कुठून आली ते शोधत बसू नकोस. या दिवसांत ती हवेतच असते. दवाखान्यात, दुकानात, कुणाच्या रुमालावर, कोण सांगणार? विहीणबाईंचा खोकला जुना आहे, तो गिरणीतल्या धुळीचा. माझं मागचं पत्र चेष्टेत लिहिलेलं होतं, ते मनावर घेऊ नकोस.

इकडे सगळं नेहमीसारखं. आवाज ठीक आहे.

मावशी

२८ डिसेंबर

मावशी,

श्वास आता चाळीसच्या आसपास. खोकला कमी.

शोधत बसू नकोस म्हणालीस, पण माझं कामच ते आहे. गळती लागली की आम्ही नकाशा पसरतो, वरपासून खालपर्यंत एकेक जोड तपासतो, कोरडा निघेल तो खोडतो. शेवटी उरतो तो जोड गळका. इथेही तसाच तक्ता केला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, लागण झाल्यापासून चार ते सहा दिवसांत दिसू लागतं, कधी थोडं आधी, कधी थोडं नंतर. म्हणजे एकोणीस ते बावीस नोव्हेंबर. त्या दिवसांत ठकीला कुणी कुणी हातात घेतलं ते सगळं लिहिलं. मी: सर्दी नाही. नवरा: नाही. शेजारीण: दारातूनच गेली. तू: तुझा आवाज तर रोज लाखो लोक ऐकतात, सर्दी असती तर सगळ्यांना कळली असती. सासूबाई: खोकला. तुझ्यासाठी तक्त्याची नक्कल पाठवतेय, म्हणजे मी उगाच कुणावर खापर फोडत नाही हे तुला पटेल.

मी त्यांना काही वाईट बोलले नाही. एवढंच म्हटलं की ठकी मोठी होईपर्यंत तुम्ही थोरल्या दिरांकडे राहिलात तर बरं. त्या हो म्हणाल्या. इतक्या पटकन हो म्हणाल्या की मला वाटलं, त्यांनाही मनातून ठाऊक असणार. एका पिशवीत सगळं मावलं. नवऱ्याने नेऊन सोडलं. तो तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. डॉक्टरबाईंनीही पुढच्या खेपेला सांगितलं की इतक्या वर्षांच्या खोकल्याने लागण होत नाही. पण जुन्या खोकल्यावर नवी सर्दी झाली असेल तर ती कळणार कशी?

तू रागावशील, माहीत आहे. पण मी तिच्या छातीची कातडी आत जाताना बघितली आहे.

बारकी

२० जानेवारी

बारके,

तक्ता मिळाला. अक्षर तुझ्या आईसारखं.

त्यात चूक असू शकते, एवढंच म्हणते. माणसं म्हणजे नळ नव्हेत. विहीणबाईंना परत आण. इथे कामाचा फार रेटा आहे, म्हणून थोडक्यात.

मावशी

२ फेब्रुवारी

मावशी,

चूक असेल तर कुठल्या ओळीत आहे ते सांग. तक्त्यात चूक नाही.

बारकी

३० जुलै

मावशी,

सहा महिन्यांत तुझी तीन पत्रं, तीही पावसाच्या अंदाजासारखी. तुला बोलायचं नसेल तर मी बोलते.

ठकी दहा महिन्यांची झाली. रांगते, सापडेल ते तोंडात घालते, आणि सर्दी झाली की छातीत बारीक शिट्टी वाजते. डॉक्टरबाई म्हणतात, काही मुलांचं असं राहतं, वाढीबरोबर बहुतेकदा जातं. मी आता उठसूट श्वास मोजत नाही. फक्त शिट्टी ऐकली की.

नवरा दर रविवारी आईला भेटायला एकटा जातो. परवा मीही गेले होते, ठकीला न घेता. जाऊबाईंनी त्यांना मागची खोली दिली आहे, कपडे वाळत घालायची. घरात त्यांची मुलं आहेत, आणि 'तिकडे काय झालं' ते त्यांना कळलंय, म्हणून जेवणही तिथेच नेऊन देतात. हे माझ्यामुळे. सासूबाईंनी एक नवीन सवय लावून घेतली आहे. खोकला आला की उठून भिंतीकडे तोंड करतात, पदर तोंडात कोंबतात आणि आवाज न करता खोकतात. खांदे तेवढे हलतात. मी समोर बसले होते.

त्यांच्याजवळ छोटा रेडिओ आहे. दुपारी बरोबर वेळेला लावतात. तू बातम्या वाचत होतीस. मला म्हणाल्या, "विहीणबाईंचा आवाज आज स्वच्छ आहे." एवढंच म्हणाल्या. मग पाणी प्यायला उठल्या.

मला वाटतं त्यांना एकटं पाडायची माझी काही गरज नव्हती. पण माझ्या कागदावर दुसरं नाव उरत नाही गं.

बारकी

१९ ऑगस्ट

बारके,

चूक चौथ्या ओळीत आहे. माझ्या.

अठरा नोव्हेंबरला, निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी उठले ती घसा खवखवत आणि नाक बंद. रजा मंजूर झालेली, तिकीट हातात. तुला फोन करून 'सर्दी आहे, नंतर येते' म्हणायला उचललाही होता. मग आठवलं, 'नंतर येते' हे मी तुझ्या आईला किती वेळा म्हटलं होतं. फोन खाली ठेवला. मनाशी म्हटलं, सर्दीच तर आहे. आयुष्यभर सर्दीत बातम्या वाचल्या, कुणाला कळलं?

ते मला जमतं, बारके. नाक बंद असताना 'म' आणि 'न' शाबूत कसे ठेवायचे याची युक्ती आहे, मी ती नव्या मुलींना शिकवते. शिंक आली की जीभ टाळूला दाबायची. दिवसातून दोन गोळ्या घेतल्या की नाक कोरडं राहतं. तू आंघोळीला गेलीस की मी स्वयंपाकघरात डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घ्यायचे. तू बाहेर यायच्या आत पातेलं धुऊन पालथं. मग रुमाल कमरेला खोचायचा आणि ठकीला घ्यायचं. हात धुतले नाहीत. तिच्या नाकाला नाक लावलं, चारही दिवस. तुझ्यापासून मी ते बातमीपत्र वाचावं तसं लपवलं, एकही अक्षर न अडखळता.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तक्ता आला तेव्हा माझ्या नावापुढे 'सर्दी नाही' वाचलं आणि तो कागद आरशामागे खोचून ठेवला. रोज केस विंचरताना माहीत असायचं की तो तिथे आहे. विहीणबाईंना तू पाठवलंस हे वाचून लगेच लिहायला बसले होते. पाच पत्रं फाडली. जे पोस्टात टाकलं ते तुला मिळालं: 'कामाचा रेटा'. मला भीती एकाच गोष्टीची होती. तू मला ठकी पुन्हा दाखवणार नाहीस. आठ महिने एका म्हाताऱ्या बाईच्या जिवावर मी ती भीती पोसली.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे आरोग्यावर एक कार्यक्रम होता. नेमका हाच आजार. निवेदन माझ्याकडे आलं. संहितेत वाक्य होतं: 'मोठ्यांना किरकोळ वाटणारी सर्दी तान्ह्या बाळासाठी जिवावर बेतू शकते. सर्दी असेल तर बाळाला भेटायला जाणं पुढे ढकला.' 'पुढे ढकला'पाशी मी थांबले. ध्वनिमुद्रण असतं तर पुन्हा घेतलं असतं, पण ते थेट होतं. अकरा सेकंद. तंत्रज्ञाला वाटलं यंत्र बिघडलं.

कार्यक्रमानंतर तज्ज्ञ डॉक्टरांना विचारलं की असं जर एखाद्याकडून झालं असेल तर. ते म्हणाले, मुद्दाम कुणी करत नाही, आणि नक्की कुणाकडून आलं हे कधीच शंभर टक्के सांगता येत नाही. मला धीर देत होते. मी तो धीर घेतला नाही. तूही माझ्यासाठी तो घेऊ नकोस.

विहीणबाईंना आण. त्यांना हे पत्र वाचून दाखव. सगळं.

मावशी

१२ सप्टेंबर

मावशी,

उत्तराला उशीर केला तो रागाने. अजून गेलेला नाही. पण लिहायला हवं.

पत्र घेऊन त्याच दिवशी गेले. नवरा आणि ठकी बरोबर. मागच्या खोलीत बसून वाचून दाखवलं. 'वाफ' आली तिथे सासूबाई म्हणाल्या, "वाचू नको पुढे, मला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं, मावशी. पहिल्याच सकाळी. दूध तापवायला आत आल्या तर तू टॉवेलखाली होतीस. त्या पाय न वाजवता मागे फिरल्या. नंतर केराच्या डब्यात गोळ्यांचं पाकीटही दिसलं. निघताना 'तब्येतीला जपा' म्हणाल्या ते त्यासाठी. तेव्हा त्यांनाही एवढ्यातेवढ्या सर्दीने असं होतं हे ठाऊक नव्हतं. पुढे डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा समजलं.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. मी तुम्हाला घराबाहेर काढलं तरी. तर त्या म्हणाल्या, "तुला आई नाही. माहेरचं म्हणून एकच माणूस आहे तुझं. माझं काय, मला दोन मुलगे, इथे नाहीतर तिथे." आणि वर म्हणाल्या, "खोकला तर माझा होताच."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर धरला, खोकायला.

त्यांना घरी आणलं. येताना गाडीत मी ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं. ठकीने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. ओळखच नाही तिला. त्या म्हणाल्या, असू दे, होईल ओळख, आणि लगेच माझ्याकडे परत दिली. ज्या बाईने जन्मल्यापासून दोन महिने तिला न्हाऊ घातलं तिला ती परकी झाली. या महिन्यांची भरपाई कुठे मागायची? ते मी केलं. तू केलंस. दोघींनी मिळून केलं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला एक गोष्ट शिकवली होती. कोरडा दिसतो तो जोड हात लावून बघायचा, नुसता बघून खोडायचा नाही. तुझ्या ओळीला मी हात लावला नाही. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का, हे तू मला सांगू नकोस.

ठकीचा वाढदिवस सत्तावीसला. सासूबाईंचं म्हणणं, तुला बोलवायचं. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू काय, पत्र टाक. तर हे पत्र.

बारकी

२२ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी तिकीट काढलं. ठकीसाठी लाकडी घोडा घेतला, चाकांचा, ओढायचा. तीन दिवस पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

काल संध्याकाळपासून घसा खवखवतोय. आज सकाळी नाक बंद. ताप नाही, अंग जरा दुखतंय, म्हणजे सर्दीच, साधी. गोळ्यांचं पाकीट कपाटात होतं. काढून बघितलं आणि परत ठेवलं. तिकीट रद्द करून आले. घोडा टपालाने पाठवतेय. आल्यावर आधी साबणाने पुसून घे.

मला सर्दी झाली आहे. मी येत नाही. हे वाक्य लिहायला मला एकसष्टावं वर्ष लागलं, आणि ते लिहून बरं वाटेल अशी जी आशा होती ती खोटी ठरली. ठकी रांगण्यातून उठून चालायला लागेल ते मी बघणार नाही, एवढंच खरं. नाक मोकळं होऊन खोकलाही पुरता थांबला की विचारीन. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन.

आज दुपारच्या बातम्या मी वाचल्या. युक्ती वापरली नाही. 'म'चा 'ब' होत होता, 'न'चा 'द', दोनदा खोकले, एकदा शिंकले. संचालकांचा फोन आला, श्रोत्यांचे सतरा. उद्याही मीच आहे, परवाही, आणि हे पत्र पोचेपर्यंत आवाज असाच राहील. विहीणबाईंना म्हणावं, दुपारी रेडिओ लावा आणि ऐका, आज आवाज स्वच्छ नाही.

मावशी